होमला जुळणारा शब्द

"होम म्हटलं की हिला हाडच आठवणार," सर म्हणाले. "रक्तातच आहे ते."

वर्ग हसला. मी उभीच होते. बसायचं की नाही, ते कळेना.

कर्जतची शाळा. नववीचा वर्ग, इंग्रजीचा तास. सरांनी फळ्यावर 'होम' लिहिलं होतं आणि त्याला यमक जुळणारे शब्द मागितले होते. वकिलांचा मुलगा म्हणाला, रोम. सर म्हणाले, परफेक्ट ऱ्हाइम. डोम त्यांनी स्वतःच सांगितला. डोम म्हणजे घुमट. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, कम. सर म्हणाले, "लिहिताना जुळल्यासारखा दिसतो, कानाला जुळत नाही. असू दे. प्रयत्न चांगला आहे."

मग मी हात वर केला. एरवी मी हात वर करत नसे. आमच्या धड्यात एक कुत्रा होता, त्याच्या तोंडात बोन होतं. होम, बोन. मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. कानाला गोड लागत होतं. कम चुकलं तरी चालतं, तर बोन चालेल, असं वाटलं.

सरांनी बोन फळ्यावर लिहिलं नाही. हसणं थांबेपर्यंत खडू हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "याला निअर ऱ्हाइम म्हणतात. जवळ येतं, पण जुळत नाही. धर्म बदलून बघितला तरी नाही जुळत."

कुणाबद्दल ते सगळ्यांना कळलं. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो, तेव्हा मी रांगत होते. बाबांनी मेलेली गुरं ओढणं सोडलं. गावानं धान्य देणं बंद केलं, तरी सोडलं ते सोडलं. मी उभ्या जन्मात हाड हातात धरलेलं नाही, हे सरांना सांगायला हवं होतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग वाटायला लागलं, का सांगायचं? धरलं असतं तर काय झालं असतं? पण ते खूप नंतर. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. समोरच्या मुलीच्या वेणीची रिबीन सुटली होती. मी ती बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव बोन. सर पण तेच म्हणायचे. बोन, फळा पूस. बोन, खिडकी लाव. पोरांनी त्याचं मराठी केलं. मधल्या सुट्टीत मी नळाकडे गेले की मागून यायचं, "हाड, हाड." कुत्र्याला हाकलतात तसं. मी बाजूला व्हायची. पाणी न पिता परत यायची. रडले नाही. राग पण आला नाही. आमच्या गावाहून, कडावहून, एसटीनं यायचं, बाकावर बसायचं, परत जायचं. घरी सांगितलं नाही. आमच्या वस्तीतून सातवीच्या पुढं गेलेली मी एकटीच मुलगी. सांगितलं तर शाळा बंद होईल, एवढंच डोक्यात.

पुढं पुढं बोन म्हटलं की मी आपोआप उठायला लागले. कुणी उठवायला लागत नव्हतं.

एका संध्याकाळी मी विहिरीवरून येत होते. आई मागून आली आणि तिनं माझा दंड धरला.

"कवाधरनं हाका मारतेय गं तुला. कान गेलं काय तुजं?"

ती माझं नाव घेऊन हाका मारत होती. मला ते ऐकू आलं होतं. पण ते दुसऱ्या कुणाचं असेल, असं वाटलं होतं.

मी घरी आले, भाकरी खाल्ली, निजले. काही ठरवलं नाही. पण त्या दिवसानंतर आईनं हाक मारली की मी थांबून नीट ऐकायला लागले.

थोड्या दिवसांनी शाळेची तपासणी आली. साहेब आमच्या वर्गात खुर्चीवर बसले. सरांनी तोच तास पुन्हा घेतला. फळ्यावर होम. वकिलांच्या मुलानं रोम सांगितलं, दुसऱ्यानं डोम. साहेब मान हलवत होते.

"आता निअर ऱ्हाइम," सर म्हणाले. "बोन, तू सांग."

मी उठले नाही.

"बोन, ऊठ. तुलाच सांगतोय."

मी बसल्या जागेवरून म्हणाले, "ते माझं नाव नाही, सर."

साहेबांनी सरांना विचारलं, "नाव काय हिचं?" सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते येत नव्हतं. मी सांगितलं नाही. साहेबांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "चला, पुढचा वर्ग बघू."

साहेब गेल्यावर सरांनी हातावर लाकडी पट्टी मारली. हात सुजला. दुखलं ते रात्री. मुख्याध्यापकांनी निरोप धाडला, आईला घेऊन ये. भाताची झोडणी चालली होती. आई तशीच आली, केसांत कुसळं.

"सरांची माफी मागायची," मुख्याध्यापक म्हणाले, "नाहीतर दाखला घेऊन जायचं."

"काय केलं हिनं?"

"पाहुण्यांच्या देखत उलट बोलली."

"काय बोलली?"

मीच आईला सांगितलं. बोन म्हणतात ते, त्याचा अर्थ काय ते, नळावरचं हाड हाड. सगळं तिथंच सांगितलं, पहिल्यांदाच.

आईनं ऐकून घेतलं. मग मुख्याध्यापकांना म्हणाली, "मंग खरंच बोलली की ती. तिचं नाव येगळं हाय."

माझ्याकडे वळून म्हणाली, "मागायची हाय माफी?"

"नाय."

"मंग चल."

बाबा चिडले. गुरं ओढणं ज्यांनी सोडलं तेच म्हणाले, "मॅट्रिकपातुर गप ऱ्हायाचं व्हतं. मंग बोलायचं." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वस्तीतल्या बायका आईला म्हणाल्या, आता लग्न करून टाक पोरीचं. आईनं माझं गाठोडं बांधलं आणि मला मोहोपाड्याला मावशीकडे सोडलं. काका तिथं केमिकलच्या कारखान्यात होते. एका खोलीत सहा माणसं. मी सातवी. भिंतींनासुद्धा कारखान्याचा वास.

तिथल्या शाळेत जाताना काकांनी वाटेत बजावलं, "विचारलं तर सांग, आधीची शाळा लांब पडत होती. जास्त बोलू नको."

तिथल्या मुख्याध्यापकांनी विचारलंच. "वर्ष अर्ध्यावर टाकून का आलीस?"

काका बोलायच्या आत मी बोलले. "तिथं मला हाड म्हणत होते. मी ओ दिली नाही. माफी माग म्हणाले. मागितली नाही."

काकांनी माझी ओढणी मागून ओढली. मी थांबले नाही. आवाज चढला नव्हता. कुणाला निरोप सांगावा तसं सांगितलं.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "आणि इथं कुणी काही म्हटलं तर?"

"इथंही ओ देणार नाही."

"मग इथूनही जावं लागेल."

"जाईन," मी म्हणाले. "तिसरी शाळा शोधीन."