बिनपावतीचे चार बिल्ले

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सतरा माणसं कोलारकडच्या डोंगरात आमची प्रेतं शोधत होती, तेव्हा आम्ही चौघं व्हाइटफील्डच्या सिग्नलला खारे शेंगदाणे खात बसलो होतो.

"प्रेतं काय म्हणता? हरवलेली माणसं म्हणा!" इति सुलभा. (सुलभा म्हणजे आमची सौ. मी काहीही लिहायला घेतलं की ती मागे उभी राहून दुरुस्त्या सुचवते.) पण शोधायला निघालेल्यांनी बरोबर दोन स्ट्रेचर घेतले होते, तेव्हा माझाच शब्द कायम. आणि हे सगळं माझ्यामुळे घडलं हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला दुसऱ्या कुणाचा संशय घ्यायला नको.

मी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात एकतीस वर्षं काढली, तीही स्टोअर्समध्ये. स्टोअर्सच्या माणसाचा धर्म एकच. वस्तू घेताना सही द्यायची आणि परत करताना पावती घ्यायची! लग्नात सासऱ्यांनी घड्याळ दिलं, तेव्हा मी सहीसाठी खिशातून पेन काढलं होतं. (सुलभा म्हणते, पेन पण सासऱ्यांचंच होतं.)

आमची लेक केतकी महादेवपुऱ्यात नोकरी करते. आठवडाभर काचेच्या इमारतीत बसते आणि शनिवार-रविवार जिथे झोपायची सोय नाही अशा जागा शोधून तिथे झोपायला जाते. तिने या वेळी शोधल्या होत्या कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणी. तिथे कुणीतरी डोंगरातून भटकणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या खोल्या केल्या होत्या, त्याही खाणीच्याच जुन्या सामानातून. एक खोली म्हणजे माणसं खाली सोडायचा लोखंडी पिंजरा, दुसरी म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचं गोल घर आणि तिसरी डायनामाइट ठेवायची कोठी.

"बाबा, कोठी मिळालीय! इट्स सो युनिक!"

"हुबळीच्या लॉजातसुद्धा पलंग असतोय की गं," अक्का म्हणाली. अक्का माझी थोरली बहीण. जन्म बेळगावात गेल्यामुळे ती मराठीइतकंच कन्नड बोलते, आणि दोन्ही तेवढ्याच मोठ्यानं. ती चार दिवस आमच्याकडे आली होती, म्हणून तिलाही डायनामाइटच्या कोठीत नेणं भाग होतं.

वाट सुरू होते तिथे खाणीचं जुनं टाइम ऑफिस आहे. तिथे सेल्वम अण्णा बसलेले होते. वय सत्तरीच्या पुढे, तीस वर्षं खाणीत काढलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. त्यांनी आम्हा प्रत्येकाला पितळेचा एकेक नंबराचा बिल्ला दिला आणि मागच्या फळ्यावरचे चार रिकामे खिळे दाखवले. त्यांचं कन्नड अक्काने शब्दन् शब्द मराठीत सांगितलं, त्यामुळे मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

"खाणीची जुनी रीत आहे म्हणतायत. खाली जाताना बिल्ला घ्यायचा, वर आलं की आपल्या हातानं खिळ्यावर लावायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस खाली. आणि माणूस खाली असला तर वरचं कुणी घरला जात नाही. उद्या नवाच्या आत लावा म्हणतायत. उद्या चारला त्यांच्या नातीचा साखरपुडा आहे, त्यांना वेळेत जायचंय."

"सरी सरी!" मी माझ्या तुटपुंज्या कन्नडमध्ये होकार दिला. मला तर रीत फारच आवडली. पितळ, नंबर आणि फळा! शंभर पावलं गेल्यावर मी तिघींचे बिल्ले काढून घेतले. "हरवाल! माझ्याकडे द्या." आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात चेन लावून ठेवले.

कोठीबद्दल थोडक्यात सांगतो. तिच्या भिंती तीन फूट जाड होत्या, आत स्फोट झाला तरी बाहेर काही जाऊ नये म्हणून. माझं घोरणंही बाहेर गेलं नाही. ते सगळंच्या सगळं आतल्या तिघींना मिळालं. पहाटे डोळा लागलेल्या त्या तिघी सकाळी माझ्याशी न बोलता डोंगर उतरल्या आणि टाइम ऑफिस आलं तशा थेट गाडीत जाऊन बसल्या. बिल्ले परत करायचं काम माझ्यावर आलं.

पावणेनऊ झाले होते. टाइम ऑफिस उघडं, पण आत कुणी नाही! सेल्वम अण्णा साखरपुड्याची फुलं आणायला गेले असावेत. फळा होता, खिळे होते, पण बिल्ले मिळाल्याची सही द्यायला माणूस नव्हता. मी दोनदा हाका मारल्या. दहा मिनिटं थांबलो. तिकडे केतकी हॉर्न वाजवायला लागली.

आता तुम्हीच सांगा, चार नग पितळी माल असा उघड्यावर टांगून जायचं? उद्या एखादा गेला, तर नाव कुणाचं? मी बिल्ले पुन्हा कप्प्यात टाकले. घरी गेलो की सविस्तर पत्र जोडून रजिस्टर पोस्टाने पाठवायचे आणि पोचपावती फायलीला लावायची, असं ठरवलं. मनात म्हटलंसुद्धा, कुणी पाहात नसताना असा प्रामाणिकपणा आजकाल कोण करतो?

"दिलेस ना बिल्ले?" केतकीने विचारलं.

"व्यवस्था केली आहे," मी म्हणालो. (एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत याहून उपयोगी वाक्य मला सापडलेलं नाही.)

तर व्हाइटफील्ड. रविवार असूनही गाड्या जागच्या हलत नव्हत्या. तासभर झाला, शेंगदाण्यांची दुसरी पुडी सुटली, तेव्हा मी पत्रासाठी पिनकोड शोधावा म्हणून मोबाइल चालू केला. सहलीला गेलं की मी तो बंद ठेवतो, उगाच बॅटरी जाते. बुकिंगच्या फॉर्मवर नंबर मात्र माझाच होता. पाहतो तर एकेचाळीस मिस्ड कॉल, सगळे एकाच नंबरचे!

"विमावाले असतील," मी म्हणालो.

तेवढ्यात फोन वाजला. एक बाई कन्नडमधून ओरडत होत्या. मी फोन अक्काकडे दिला. अक्काने "हौदा? हौदा?" (म्हणजे, असं का?) करत पाच-सात मिनिटं काढली, मधे दोनदा नुसतीच फोन धरून थांबली आणि तिचा चेहरा पडला.

"बाळू, बिल्ले कुठायत?"

"सुरक्षित आहेत."

"कुठं?"

"माझ्याकडे."

"बाबा!" केतकी किंचाळली.

"सही द्यायला कुणी नव्हतं!" मी म्हणालो. हे वाक्य गाडीत मोठ्याने उच्चारल्यावर पहिल्यांदाच मला ते थोडं हलकं वाटलं.

"नवाला चार खिळे रिकामे बघितले, घंटा दिली," अक्का सांगू लागली. "सतरा जण डोंगरात गेलेत. सगळे रिटायर झालेले खाणवाले. खाणीच्या एकेका विहिरीत वाकून आपल्याला हाका मारतायत."

"मग सांग ना, आपण जिवंत आहोत म्हणून!"

"सांगितलं की रे! बुकिंगच्या बाईंना पटलंय. त्यांनी वर निरोपपण धाडलाय. सेल्वम अण्णाला पटेना. फोनवर कुणीपण बोलतंय म्हणाले."

"अगं, पण आपली गाडी तिथे नाही!"

"गाडी चोरपण नेतोय म्हणाले." अक्काने फोन माझ्या हातात दिला. "मागं एकदा खाणीतला एकजण 'घरी गेला' असं तोंडी कळलं म्हणून शोध थांबवलेला. तो घरी गेला नव्हता. तेव्हापासून बिल्ला खिळ्यावर बघितल्याशिवाय ते शोध थांबवत नाहीत."

सुलभा हळूच म्हणाली, "अहो, चार वाजता त्यांच्या नातीचा साखरपुडा आहे ना?"

"आजोबा आल्याशिवाय मुलगी पाटावर बसणार नाही म्हणतीय," अक्का म्हणाली.

मी सॅक पोटाशी धरली. गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला एक म्हातारा उन्हात मला हाका मारत होता आणि मी पिनकोड शोधत होतो!

"यू-टर्न घे!" मी ओरडलो.

व्हाइटफील्डला यू-टर्न. हे वाक्य बेंगळुरूच्या माणसाला समजावून सांगायला नको. पोलिसाने पुढचा चौक दाखवला, पुढच्याने त्याच्या पुढचा दाखवला. शेवटी अक्काने काच खाली केली आणि शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली, "अण्णा, स्वल्प जागा बिडी! (म्हणजे, जरा जागा सोडा!) चार माणसं मेलीत!"

"यारू?" त्याने विचारलं. कोण?

"आम्हीच की!"

त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. रिक्षा मागे घेतली, मागच्या गाड्यांनाही हातवारे करून थांबवलं आणि आम्हाला वळू दिलं. तो कोण होता मला माहीत नाही, पण त्याचं भलं होवो.

सव्वातीनला पोचलो. गाडी थांबायच्या आत मी उतरलो आणि त्रेसष्टाव्या वर्षी धावलो. घाईत पहिला बिल्ला दोनदा खाली पडला. चारही लावले. बाईंनी घंटा वाजवली आणि डोंगराच्या घड्यांमधून एकेक म्हातारा खाली उतरू लागला. कुणाच्या हातात दोर, कुणाच्या हातात काठी, लाल मातीने सगळे भरलेले. सकाळपासून कुणाच्या पोटात अन्न नव्हतं. सगळ्यात शेवटी सेल्वम अण्णा आले.

त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. आधी फळा पाहिला. खिळे मोजले. मग वळून आमच्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत आम्हालाही मोजलं. सुलभा, केतकी, अक्का, मी. चार भरले. त्यानंतर त्यांनी मला तमिळमधून झापायला सुरुवात केली. मला तमिळ येत नाही, पण त्यातलं एक अक्षरही निसटलं नाही! मी हात जोडून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शरम होतीच, पण त्याहून काहीतरी मोठं होतं. एकतीस वर्षं ज्या कारखान्यात काढली, तिथे मी निवृत्त झाल्याचं कँटीनवाल्याला तीन आठवड्यांनी कळलं. आणि इथे, एका रात्रीपुरत्या आलेल्या माणसासाठी सतरा जण उपाशीपोटी डोंगर पालथा घालत होते, तेही तो सुखरूप असल्याचा फोन आल्यावरसुद्धा! असं ऋण पोस्टाने फेडता येत नाही.

"अण्णा, चला, पावणेचार झाले!" केतकीने गाडीचं दार उघडलं. अण्णा तसेच मातीच्या शर्टाने पुढे बसले. आम्ही चार वाजून दोन मिनिटांनी साखरपुड्याच्या हॉलवर पोचलो. नात पाटावर बसलेली नव्हती, दारात उभी होती. तिने आजोबांना पाहिलं आणि रडत रडत त्यांनाच झापलं. ते घराण्यातच असावं.

साखरपुडा छान झाला. बाकीचे सोळाही पाठोपाठ आले आणि सकाळपासूनचं जेवले. आम्हाला तर सगळ्यांनी आग्रह कर करून वाढलं, परलोकातून परतलेल्या पाहुण्यांना काय हवं-नको ते बघायला अख्खी पंगत लोटली. हॉलमध्ये खुर्च्या कमी होत्या, म्हणून मी भिंतीशी उभा राहिलो. मला तेवढी शिक्षा योग्यच वाटत होती.

तेवढ्यात शोधायला गेलेल्यांतले सगळ्यात वयस्कर आजोबा, ऐंशीच्या घरातले, खुर्चीतून मला न्याहाळत अक्काला काहीतरी म्हणाले. अक्काने मला सांगितलं, हे आजोबा तरुणपणी दरड कोसळून सहा तास दगडांखाली अडकले होते. त्यांना विचारायचं होतं, इतका वेळ मी नेमका कुठे अडकलो होतो?

मी मान खाली घालून खरं ते सांगितलं. "व्हाइटफील्डला. ट्रॅफिकमध्ये."

"किती तास?"

"जाता-येता धरून तीन."

"अय्यो!" म्हातारा हळहळला. काठी टेकत कसाबसा उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला आपली खुर्ची दिली.

आणि मी बसलो.