मामाजींची शब्दकोडी

लग्न होऊन मोहाडीला आले, तेव्हा सासऱ्यांशी काय बोलावं हे मला कळत नसे. मामाजी दिवसभर मागावर लुगडी विणत आणि रविवारी पेपरातलं आडवळणाच्या सूचनांचं शब्दकोडं सोडवत.

एकदा मी चहा ठेवून परत फिरणार, तोच ते कागदाकडे बघतच म्हणाले, "गरीब उलटला की वाहू लागतो. दोन अक्षरं. काय असंन, बाई?"

मी दारातच थांबले. "गरीब म्हंजे दीन. तो उलटा केला तं नदी होते, मामाजी."

त्यांनी नदी लिहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "मी सकाळपासून रंकच उलटा करून राहिलो होतो."

पुढे ते मागावर बसल्याबसल्या स्वतःच कोडी रचू लागले. माग थांबला की मी स्वयंपाकघरातून कान द्यायची. उत्तर पटलं नाही, तर भाजी करपेपर्यंत आमचा वाद चाले. सासूबाई म्हणायच्या, "एवढं तं हे माह्याशी बोलले नाही कधी."

मामाजींना जाऊन आता सहा वर्षं झाली. शब्दकोडं मी मोबाइलवर सोडवते. चुकलं की तो लगेच बरोबर उत्तर दाखवतो, आणि वाद घालायला कोणी नसतं.