निधान पाच मिनिटं

कृष्णोजीअण्णा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. मोटरीचा स्पार्क प्लग काढायचा, डोळ्यांजवळ धरायचा, वास घ्यायचा आणि मगच मान वर करायची. माझ्या वेळी त्यांनी प्लग असाच नाकाशी नेला आणि विचारलं, "ही मोटर कोण चालवतो? फार भितो तो माणूस."

ती मोटर मीच चालवत होते.

बोम्मसंद्र्यात कारखान्यांच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. तलावांवरच्या बोटींच्या मोटरी त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. ते 'मी केलो', 'मी सांगितलो' असं बोलत. पुण्याहून आलेली मी सुरुवातीला मनातल्या मनात ते दुरुस्त करत असे. त्यांना ते कळलं असावं. "तुमची मराठी पुस्तकातली, अक्का," ते एकदा म्हणाले. "आमची वापरातली."

आमची सोसायटी व्हाइटफील्डच्या सखल भागात आहे. मोटर बिघडण्याच्या दोन वर्षं आधी पावसात समोरच्या रस्त्यावर छातीएवढं पाणी चढलं. माझ्या सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्या दिवशी ट्रॅक्टर मिळेपर्यंत दुपार झाली आणि त्यांना श्वास पुरेना. त्यानंतर सोसायटीने एक बोट आणि जुनी टू-स्ट्रोक मोटर घेतली. मोटर अण्णांनीच बसवून दिली. देखभाल माझ्याकडे आली, कारण सोसायटीत वही घेऊन फिरणारी मी एकटीच.

दर रविवारी सकाळी मागच्या तळ्यात बोट खुंटीला बांधून मी अण्णांनी सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं मोटर चालवायचे आणि वहीत बरोबरची खूण करायचे. एकही रविवार चुकला नाही. पेट्रोलमध्ये तेल मापाने घालायचे, वर सुरक्षिततेसाठी अर्धं झाकण जास्त. तरी एका गुरुवारी मोटरीने भसाभसा धूर सोडला आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू व्हायची आणि पुन्हा गुदमरायची. शनिवारी सासऱ्यांचा डायलिसिस होता आणि शनिवारसाठीच मुसळधार पावसाचा इशारा होता.

अण्णांनी हेड उघडलं. आत पिस्टनच्या माथ्यावर करपलेल्या दुधासारखा काळा, कडक थर होता. धूर बाहेर जायची वाट जवळजवळ अर्धी बुजली होती.

"कार्बन," अण्णा म्हणाले. "चुलीवरचं पातेलं बघितलात ना? तसंच."

मी वही काढली. "किती वेळ लागेल?"

"उद्या संध्याकाळ."

"शनिवारी नक्की सुरू होईल ना?"

हा प्रश्न मी दोन दिवसांत निदान दहा वेळा विचारला असेल. दर वेळी ते एवढंच म्हणत, "स्वल्प थांबा, अक्का."

थरावर त्यांनी औषध ओतलं आणि तो मऊ होईपर्यंत हात लावला नाही. मी घड्याळ बघत होते. पेचकस पुढे केला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून मागे ठेवला. पिस्टन मऊ धातूचा, लोखंडाने चरे पडले तर पुढचा कार्बन त्या चऱ्यांत घट्ट बसतो. बांबूची चपटी काडी तासून ते हळूहळू खरवडत राहिले. दुसरी काडी माझ्या हातात दिली. "माझे हात आता थरथरतात. तुम्ही शिकून ठेवा."

खरवडता खरवडता मी तक्रार केली. "अण्णा, तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं मी. मग हे झालं कसं?"

"मी काय सांगितलो?"

मी वही वाचून दाखवली: निदान पाच मिनिटे चालवायची, मग सोडायची.

अण्णांनी काडी खाली ठेवली. "निदान नाही हो. निधान. निधान म्हणजे हळू. आधी पाच मिनिटं हळू चालवायची, अंग गरम होऊ द्यायचं. मग सोडायची."

"सोडायची म्हणजे बंदच ना?"

"सोडायची म्हणजे दोर सोडायचा आणि बोट तळ्यात पळवायची. पुऱ्या जोरात." ते हसायला लागले आणि हसता हसता खोकले. "दोन वर्षं तुम्ही हिला नुसतं कण्हायला लावलात, वर जास्तीचं तेल पाजलात. जळणार कसं ते? अक्का, एखादा रविवार विसरला असतात तर बरं झालं असतं."

मला हसू आलं नाही. शंभराच्या आसपास खुणा होत्या त्या.

अण्णा या मार्चमध्ये गेले. थरथर हातांपुरती राहिली नव्हती. आता मोटरीचा कार्बन मीच काढते, बांबूच्या काडीने. पण सांगायचा आहे तो शनिवार.

पहाटेपासून पाऊस होता. सात वाजता रस्ता दिसेनासा झाला. अण्णा यायला निघाले होते, पण होसूर रोडवरच अडकले. रखवालदारांनी सासऱ्यांना उचलून बोटीत बसवलं. तिसऱ्या हिसक्याला मोटर सुरू झाली. मी पाच मिनिटं ती हळू चालू दिली. गच्चीवरून लोक ओरडत होते, "निघा ना." सासरे माझ्याकडे बघत होते, मी घड्याळाकडे. मग दोर सोडायला सांगितला आणि हँडल पिळलं, पूर्ण. बोटीचं नाक वर उठलं. सासऱ्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आपण या माणसाला बुडवणार. मोटरीने एक मोठा काळा ढेकर दिला आणि मग आवाज असा मोकळा झाला, जसा मी कधी ऐकलाच नव्हता.

मोठ्या रस्त्याच्या चढावर पाणी संपलं. तिथून अॅम्ब्युलन्स. हॉस्पिटलात त्यांना वेळेवर मशीनवर घेतलं, तेव्हा मी अण्णांना फोन लावला.

"पोचलो, अण्णा. सुरू झालाय डायलिसिस."

पलीकडे पाऊस आणि गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी मोठ्याने विचारलं, "अण्णा, ऐकू येतंय ना?"

"ऐकलो, अक्का." आवाज बारीक झाला होता. "काल संध्याकाळपासून घास उतरला नाही. सरी, बरं झालं. आता जेवतो."