उजवं पान तुमचं

कमलचा फोन आला की मी चष्मा लावते आणि मोबाइल चहाच्या डब्याला टेकवून ठेवते. तिच्याशी हातांनी बोलायचं असतं, दोन्ही हात मोकळे लागतात. हल्ली सगळ्या फोनांत मला तिचाच फोन सुखाचा वाटतो. त्या सकाळी मी मेथी निवडत होते. पडद्यावर कमल आली, पण नेहमीसारखं 'जेवलात का' विचारलं नाही. तिनं डोळ्याखाली बोट टेकवलं आणि मग उघडा तळहात माझ्यापुढं धरला. ही पंचशीलाताईंची खूण, म्हणजे हातांनी घ्यायचं त्यांचं नाव, कमलनंच लहानपणी ठेवलेलं. डोळा म्हणजे बघणं, आणि तळहात म्हणजे वहीचं कोरं पान. खूण करून झाली तरी तिनं हात खाली घेतला नाही... थोड्या वेळानं तो तळहात हळूच पालथा घातला. मला समजलं. समजूनही मी तिला दोनदा विचारलं.

पंचशीलाताई गेल्या त्याला आता महिना उलटून गेला. पंचशीला सोनकांबळे हे नाव वाचून फार लोकांना काही आठवणार नाही. मुखेड तालुक्यातल्या, उदगीर रस्त्यावरच्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. शिक्षण सातवी. मी मात्र आयुष्यभर कर्णबधिर मुलांना शिकवलं, माझे सत्कारबित्कार झाले, शाली अजून कपाटात घडी घालून आहेत. पण मला कुणी शिकवलं हे कुठं छापून आलेलं नाही. ते आता तरी यावं, म्हणून लिहायला बसले आहे.

लातूर तेव्हा नवाच जिल्हा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर अजून जिल्हा उस्मानाबाद लिहिलेलं होतं आणि कचेरीत कुठली फाइल कुठल्या गावी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बाहेरगावी कोर्स करून उदगीरच्या एका छोट्या कर्णबधिर शाळेत लागले होते. नवा जिल्हा, नवी नोकरी, आणि कोर्सचा कागद हातात असलेली आसपास मी एकटीच. त्यामुळं मी नाकानं कांदे सोलत फिरत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. पावसानं लागोपाठ दोन वर्षं तोंड फिरवलं होतं. मुखेडला अंगणवाडी सेविकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. जिल्हा नांदेड, पण बोलायला दुसरं कुणी मिळेना म्हणून मला बोलावलं. मी कानाचा मोठा तक्ता टांगून तीन तास बोलले. शेवटी 'काही शंका?' असं विचारलं, म्हणजे कुणी विचारू नये अशा आवाजात. तर मागच्या रांगेतून एक किडकिडीत बाई उठल्या.

"मॅडम, तपासणीला तुम्ही एका लेकराला किती टाइम बघता?"

"अर्धा तास," मी म्हणाले.

"मी सा महिनं बघून राहिले. मला कुनी इचारत न्हाई."

बाया हसल्या, मीही हसल्यासारखं केलं. मनात म्हटलं, ही बाई डोईजड होणार.

पुढच्याच आठवड्यात त्या एक पोरगी आणि तिची आई यांना घेऊन एसटीनं उदगीरला माझ्या दारात. पोरगी म्हणजे कमल, साडेचार वर्षांची, तोंडातून एक शब्द नाही. आई म्हणाली, पोर मुकी आहे, पण कान लई तिखट आहेत; टँकर फाट्यावर वळला की अख्ख्या गावात आधी हीच कळशी घेऊन उठती. गावात दिवसाआड एक टँकर यायचा आणि ज्याची कळशी पुढं त्याला पाणी, त्यामुळं घरात पोरीचा मान होता. मी आईला कमलच्या समोर बसवलं, मागं उभी राहिले, घंटी वाजवली. पोरगी वळली. वाटीवर चमचा वाजवला. पुन्हा वळली. ऐकू येतं, आणि तरी बोलत नाही... मग उरलं काय? मी अर्ध्या तासात कागदावर लिहिलं: 'श्रवण ठीक. मतिमंद.' खाली सही, शिक्का. त्या कागदावर आमच्या शाळेत कमलला जागा नव्हती, आणि तिला शिकवील अशी दुसरी जागा जवळपास कुठंच नव्हती. मी आईला सांगितलं, घरीच सांभाळा. पंचशीलाताई कागदाकडं बराच वेळ बघत राहिल्या, मग "हाव मॅडम" म्हणून निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी मुखेडच्या गाडीचा कंडक्टर शाळेत पंचशीलाताईंची एक वही टाकून गेला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'डावीकडं मी बघितलेलं. उजवं पान तुमचं.' पुढं सगळी डावी पानं भरलेली आणि उजवी कोरी. 'कमलला पाठीमागून हाक मारली. आली न्हाई. समोर जाऊन मारली. आली.' 'खाऊची घंटा झाली. पोरं उठली. पोरांकडं बघून कमल उठली.' असं पानामागून पान, आणि कुठंही स्वतःचं मत म्हणून नाही. यावर मी काय करावं? मी लाल पेन घेतलं, त्यांच्या डाव्या पानांवरचं शुद्धलेखन तपासलं, उजवीकडं 'लेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा मारला आणि त्याच गाडीनं वही परत पाठवली. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. आठ दिवसांनी वही पुन्हा आली. माझ्या शेऱ्याखाली एकच ओळ होती: 'लालचं समजलं. पोरीचं काय?'

मी चिडले. त्या बाईचं तोंड बंद करायचं म्हणून उजव्या पानावर लिहिलं, 'बहिरी असेल तर टँकर सगळ्यांच्या आधी तिला कसा कळतो?' गंमत अशी की मी कुणाला अडवायला म्हणून टाकलेला तो प्रश्न हाच माझ्या आयुष्यातला पहिला खरा प्रश्न निघाला. पंचशीलाताईंनी तो मनावर घेतला. टँकरच्या दिवशी अंगणवाडी आटोपून त्या देवळाच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. टँकरकडं नव्हे, कमलकडं बघत. तिसऱ्या वेळी त्यांना दिसलं. वहीत आलं, 'कमल रस्त्याकडं बघत न्हाई. देवळापुढच्या काळ्या कुत्र्याकडं बघते. कुत्रं कान टवकारून उठलं की ही कळशी उचलते.' टँकरच्या नळाखाली सांडलेलं पाणी प्यायला ते कुत्रं सगळ्यात आधी निघायचं. आणि त्याच्या पुढच्या डाव्या पानावर होतं:

'आज कुत्र्याला भाकर दावून अंगणवाडीत कोंडलं. टँकर आला. बाया पळाल्या. कमल मातीत रेघा मारत बसली होती.'

आणि खाली, बारीक अक्षरात: 'तिचा नंबर गेला. माझी कळशी तिच्या घरी दिली.'

दुष्काळात एक कळशी म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. पुढची गाडी धरून मी गावात गेले. या वेळी आईला बाहेर उभं केलं. कमलच्या मागं घंटी वाजवली, ताट बडवलं, शेवटी ओरडले. पोरगी शांतपणे चिंचोके मांडत होती. मग मला उदगीरची ती खोली आठवली. मी घंटी वाजवली की समोर बसलेल्या आईचे डोळे माझ्याकडं वळत होते, आणि कुत्र्याचे कान वाचणाऱ्या पोरीनं आईचे डोळे वाचले होते. बहिऱ्यांची शिक्षिका मी, आणि दिव्याखाली असा अंधार. मला रडू आलं. खरं सांगायचं तर ते कमलसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होतं.

पण माझा पहिला कागद पुढं कचेरीत गेला होता. मी शहाणपणानं नवा मजकूर केला, 'फेरतपासणीत बदल आढळून आला,' आणि पंचशीलाताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "पोरगी तर तीच हाय, मॅडम. बदल कुनाला झाला?" मी कागद फाडला आणि लिहिलं, 'माझ्या तपासणीत चूक झाली.' कचेरीतल्या बैठकीत तो मी उभी राहून वाचला. त्यानंतर पोरगी नांदेड जिल्ह्यातली आणि शाळा लातूर जिल्ह्यातली हे त्रांगडं उभं राहिलं. पंचशीलाताईंनी दोन्हीकडच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. कमल शाळेत आली त्या दिवशी, छातीवर श्रवणयंत्राची पेटी बांधून घेताना, तिनं आधी पेटीकडं नाही, पंचशीलाताईंच्या तोंडाकडं बघितलं. "मॅडम, तुम्ही लई शिकलात," त्या मला म्हणाल्या, "म्हनून उशीर लागला जरा."

पुढं वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींच्या वर्गात बसलो. त्या दर गुरुवारी माझ्या वर्गात मागं चटईवर, मी महिन्यातून एकदा त्यांच्या अंगणवाडीत. बोलण्याआधी मुलाच्या खांद्याला हात लावून तोंड समोर आणायचं, हे त्यांनी गावातल्या सगळ्या पोरांना लावून दिलं. कमलला सुट्टीत गावात परकं वाटेना. प्रशिक्षणं आम्ही दोघी मिळून घेऊ लागलो. मी तक्ता टांगायची, त्या सेविकांना सांगायच्या, "काय बघितलं ते सांगा. काय वाटलं ते घरी ठिवा." वह्या चालूच राहिल्या, कंडक्टर बदलले. निवृत्तीनंतरही शेजारपाजारच्या लेकरांबद्दल लिहून पाठवायच्या. कमल आता मुखेडला शिलाई करते, दोन पोरांची आई आहे.

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. लातूरला माझ्याकडं दोन दिवस राहायला आल्या. थकल्या होत्या, आणि जरा विचित्रही वागत होत्या. बोलताना तोंडावर पदर धरायच्या. मला वाटलं, दात पडले म्हणून लाजतात. स्वयंपाकघरातून मध्येच येऊन माझ्याकडं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, वय झालं बाईंचं. जाताना म्हणाल्या, "वही संपत आली हाय मॅडम, पाठवते." ती वही आलीच नाही. आली ती बातमी. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्यामागच्या बौद्ध विधीच्या दिवशी गावात गेले तेव्हा खोलीत पाटावर त्यांचा फोटो होता, आणि कमलनं वही माझ्या हातात दिली. मी घरी येईपर्यंत उघडली नाही.

शेवटचं डावं पान असं आहे: 'मॅडमकडं दोन दिवस राहिले. टीव्हीचा आवाज लई मोठा. तरी मॅडम खालची अक्षरं वाचतात. पदर तोंडावर धरून तीनदा बोलले. मॅडम तिन्ही टायमाला हो ना म्हनल्या. मी इचारलं होतं, च्यात साखर किती. मागं ताट पाडलं. मॅडम मेथी निवडत होत्या.' आणि खाली, बारीक अक्षरात: 'ताटाला पोचा आला. नवं आनून देईन.'

मला माहीत होतं. दोन वर्षांपासून माहीत होतं. शेकडो आयांना मी सांगितलं असेल, लपवू नका, लवकर या. आणि स्वतः मात्र लोकांच्या ओठांकडं बघून माना डोलावत बसले होते. ते एका बाईला दोन दिवसांत दिसलं, आणि तोंडावर न बोलता तिनं माझ्यासाठी उजवं पान कोरं सोडलं. तशी बाई आता मला मिळणार नाही. काल टेबलावर हाताशी लाल पेन होतं. निळं शोधून काढलं आणि लिहिलं, 'बघितलेलं बरोबर आहे.' सोमवारी कानाच्या तपासणीला जाते आहे. कमल सोबत येते म्हणाली. तिला सांगून ठेवलं आहे, तिथं माझ्या समोर बसू नकोस.