दारातला पलंग

जुन्या पलंगाला आधी पांढरा रंग द्यायचा आणि मग तो जुना दिसावा म्हणून कडेकडेने पॉलिश पेपरने घासायचा, हा उद्योग मी माझ्या भाच्याच्या दारात पाहिला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तो जुनाच होता! उगाच एवढी मेहनत कशाला?

पलंग कापून त्याचा बाक केला होता. डोक्याकडची नक्षीची फळी बाकाची पाठ झाली होती. पायाकडची मधोमध कापून तिचे दोन हात केले होते. लांबीच्या पट्ट्यांचं शेल्फ, त्यावर कुंड्या. पाठीला वर पितळी हुक, त्यांना किल्ल्या, छत्री आणि घरात कुणीच घालत नाही अशी एक टोपी. बाकावर इतक्या उशा रचलेल्या, की बसायचं म्हटलं तर आधी उशांची परवानगी घ्यावी लागेल.

माझ्या शेजारी वहिनी उभी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ती माझ्याकडे राहायला आली होती, आणि मी तिला परत घरी सोडायला आले होते. तिने काळा चष्मा कपाळावर चढवला, वाकून नक्षीवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "वन्सं, हा माझा पलंग का हो?"

 

ही वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. नणंद म्हणून तिला छळायचा माझा हक्कच होता, पण ती घरात सापडेल तर ना. मोठ्या सरकारी दवाखान्यात ती वॉर्डातली आया होती. जन्मभर दुसऱ्यांच्या खाटा लावल्या. चादरीचा कोपरा ती असा दुमडून खोचायची, की तापाने फणफणलेला माणूस रात्रभर तळमळला तरी तो निघायचा नाही. घरी आली की मात्र तिला खाट नाही. दोन खोल्यांत आम्ही सगळे कोंबलेले, त्यात ती अंगाने उंच. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय सारून झोपायची. माझी आई वर म्हणायची, "तिला सवय आहे." कसली सवय? तिला कुणी विचारलं होतं?

पुढे दादाने आणि तिने हे घर घेतलं, तेव्हा घरात पहिली वस्तू आली ती हा पलंग. सुताराच्या दुकानात ती भुशात सरळ आडवी झाली आणि म्हणाली, "इथे डोकं, इथे टाचा. खूण करा आणि वर वीतभर जास्त धरा." सुतार लाजला, दादा लाजला, ती नाही लाजली. दादा गेल्यावरही ती भिंतीकडच्या आपल्याच बाजूला झोपायची. त्याच्या बाजूची चादर रोज सकाळी तितकीच नीट ताणायची.

वॉर्डात तिचा एक नियम होता. पेशंटला तपासणीला किंवा ऑपरेशनला खाली नेलं, की त्याच्या खाटेवर उशी उभी ठेवायची. उशी उभी म्हणजे माणूस परत यायचा आहे, खाट कुणाला द्यायची नाही. बाहेर पेशंट जमिनीवर झोपलेले असत, वरून दट्ट्या असे, तरी ही बाई त्या खाटेला कुणाला हात लावू देत नसे. भाचा लहानपणी शाळा सुटली की तिच्या वॉर्डातच जाऊन बसायचा. कितीतरी उशा त्याने स्वतःच्या हाताने उभ्या केल्या होत्या.

माझ्याकडे येताना वहिनीने आपल्या पलंगावर उशी उभी ठेवली होती. मी डोळ्यांनी पाहिलं आणि हसले. सुनेला ही खूण ठाऊक नव्हती, तिचं मी एक वेळ समजू शकते. पण ह्याला?

"घरात रंगकाम काढतोय, आईच्या डोळ्यात धूळ जायला नको, तुझ्याकडे ने," असं तो मला म्हणाला होता. काय काळजीवाहू मुलगा, म्हणून मी शेजारणीपाशी त्याचं कौतुक करून आले. डोळ्यात धूळ कुणाच्या गेली ते आता कळलं.

"आई, सरप्राइज!" सूनबाई आतून धावत आली. "आवडलं? टाकून देण्यापेक्षा पलंगाला नवा जन्म दिला!"

"छान," वहिनी म्हणाली. "आणि मी कुठे झोपू?"

भाचा आला. हॉलमध्ये नवा सोफा घेतलाय, रात्री तो उघडला की पलंग होतो, समोरच टीव्ही आहे, मजा आहे आईची, असं बरंच काही बोलला. तिच्या खोलीत त्याने ऑफिस थाटलं होतं. आता घरूनच काम असतं म्हणे. तिचं कपाट बाथरूमच्या बाहेर, बोळात.

"म्हणजे तुमचा टीव्ही बघून झाला की हिने झोपायचं?" मी विचारलं.

"आत्या, तू मध्ये पडू नकोस."

"मी पडणारच. आईला घराबाहेर पाठवून तिचा पलंग करवतीने कापायचा आणि वर तिच्याकडूनच शाबासकी मागायची? लाज नाही वाटत?"

वहिनीने मला हाताने थांबवलं. "उशी उभी होती का रे?"

तो खाली बघायला लागला. "होती."

"मग?"

"आई, ते वॉर्डातलं झालं. हे घर आहे."

"हो ना," वहिनी म्हणाली. "वॉर्डात परकी माणसंसुद्धा पाळायची." मग जरा थांबून म्हणाली, "माझा डिस्चार्ज कुणी लिहिला, तेवढं सांग."

 त्या दिवशी मी माझ्या घरी परत गेलेच नाही. रागावलेल्या माणसाने निघून जायचं असतं म्हणे. मी मुक्काम ठोकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याच्या ऑफिसातली मंडळी घर बघायला यायची होती. खरं म्हणजे दारच बघायला, कारण त्याचे फोटो यांनी सगळ्यांना पाठवले होते. जेवण झालं. वहिनीने कपाटातून आपली चादर काढली, दारात गेली, बाकावरच्या साऱ्या उशा उचलून जमिनीवर ठेवल्या. चादर घातली, कोपरे खोचले. मग डोळ्यांत औषध घालून घेतलं आणि गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाक तिच्या मापाला फारच आखूड. टाचा बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेत आल्या होत्या.

सूनबाई म्हणाली, "आई, प्लीज."

मंडळी आली. हातात फुलं, मिठाईचा डबा, ओठांवर कौतुक तयार. उंबऱ्यातच सगळे थबकले. आत यायचं तर तिच्या पायांवरूनच यावं लागलं असतं.

"आई, ऊठ ना. लोक आलेत," भाचा दबक्या आवाजात म्हणाला. कानांच्या पाळ्या लालभडक.

वहिनीने मान वळवली नाही. "माझ्या खोलीत येताना दार वाजवायचं असतं," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. सगळ्यांत मागे भाच्याचे साहेब होते, टक्कल पडलेले, वयस्कर. त्यांनी एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे. मग पायरी उतरले, पुन्हा वर आले आणि उघड्या दारावर बोटाने हलकेच दोनदा वाजवलं.

"कोण आहे?" वहिनीने विचारलं.

"पाहुणे आहोत, आई. येऊ का?"

"आता नको, बाळा. माझी झोपायची वेळ आहे."

"बरं," ते म्हणाले. मिठाईचा डबा त्यांनी कुंडीशेजारी ठेवला आणि निघाले. बाकीचे त्यांच्यामागून गेले.

 मग भाचा वहिनीच्या खोलीत गेला, कंप्युटरच्या वायरी सोडवल्या आणि ते जड टेबल एकटाच ओढत बाहेर काढायला लागला. चौकटीत अडकलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी हात लावला नाही.