ओसरीवरची मुलाखत

मला एका जागी बसून बोलता येत नाही. फोन आला की मी चालायला लागते. ओसरी, अंगण, गोठा आणि परत ओसरी. आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "हिला फोन आला की रान पालथं घालती." व्हिडिओवर ती सोय नाही. खुर्चीत बसायचं, हात आवरायचे आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत न बघता लॅपटॉपच्या डोक्यावरच्या बारीक ठिपक्याकडे बघत हसायचं. माणसाकडे बघितलं तर त्याला वाटतं आपलं लक्ष नाही, आणि ठिपक्याकडे बघितलं की आपल्याला माणूस दिसत नाही. ज्याने कुणी हे काढलं, त्याला कधी कुणाशी महत्त्वाचं बोलायची वेळ आली नसावी.

मला मात्र आली होती. माझा नवरा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो आणि गेल्या दिवाळीपासून त्याची छाती धरते. सॉल्व्हंटचा वास लागला की खोकला सुरू होतो तो थांबतच नाही. दौंडचे डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरं औषध एकच, त्या वासापासून लांब राहा. लांब राहायचं तर नोकरी सोडायची, आणि नोकरी सोडायची तर घरात दुसरा पगार हवा. आप्पांना यातलं काही सांगायचं नाही असं त्याने मला बजावलं होतं. त्या नोकरीसाठी आप्पांनी किती जणांचे उंबरे झिजवले होते ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. "आमचं पोरगं परमनंट हाय" हे वाक्य ते देवाचं नाव घ्यावं तसं घेतात. खोकला आला की नवरा मोटार बंद करायच्या निमित्ताने विहिरीकडे जायचा. एका माणसाला दिवसातून इतक्यांदा विहिरीवर काय काम असतं, हे आप्पांनी कधी विचारलं नाही.

लग्नाआधी मीही कुरकुंभलाच लॅबमध्ये होते. माहेर दौंडचं, त्यामुळे जाणं-येणं सोपं होतं. लग्न होऊन नदीच्या या बाजूला, इनामगावच्या अंगाला आले आणि नोकरी सुटली. दोघांनीही शिफ्टला जायचं तर घरी भाकरी कोण करणार, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. उत्तर मात्र माझ्याच वाट्याला आलं. म्हणून घरी बसून औषध कंपन्यांची कागदपत्रं तपासायचं काम निघालं आहे असं कळलं, तेव्हा मी त्याच्यावर झडपच घातली. कंपनीला ऑफिस नव्हतं. जो तो आपापल्या घरी, आणि माणसं घ्यायची तीही व्हिडिओवरूनच.

पहिल्या फेरीत समोर माणूसच नव्हतं. पडद्यावर प्रश्न यायचा, खाली सेकंद पळायचे आणि मधोमध माझाच चेहरा. त्या चेहऱ्याला मी सांगत होते की मी मेहनती आहे, दबावाखाली काम करू शकते. आतून सासूबाईंनी विचारलं, "कुणाशी भांडतीयस गं?" मी म्हटलं, कुणाशीच नाही. खरंच कुणीच नव्हतं. आपण बोलतोय ते कुणी ऐकतंय की नाही हे न कळण्यासारखा जीवघेणा प्रकार नाही. तरी त्यातून मी पुढे सरकले.

दुसऱ्या फेरीला खरी बाई बोलणार होती. घरात एकदम पाहुणे बघायला येणार असल्यासारखी गडबड उडाली. ओसरीच्या भिंतीवरचा फवारणीचा पंप खाली उतरला, खुंटीवरचे कपडे गेले. सासूबाईंनी बाजेवर नवी चादर घातली. ती कॅमेऱ्यात दिसणार नव्हती, पण "दिसली तर?" यापुढे माझं काही चाललं नाही. आप्पांनी दाढी केली आणि इस्त्रीचा सदरा घालून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. आप्पांना व्हिडिओ कॉल कळत नाही असं कुणी समजू नये. कांद्याचा बाजार ते मोबाइलवर बघतात आणि पुण्याच्या भाच्याशी रोज तोंड बघून बोलतात. मीच त्यांना म्हटलं, "आप्पा, तुम्ही आत बसता का?" ते म्हणाले, "मी कशाला आत? मी काय लाजाळू हाय व्हय?"

मुलाखत झकास चालली होती. बाई नाशिककडची, बोलायला मोकळी. बॅच रेकॉर्डमधल्या, म्हणजे औषध बनवतानाच्या नोंदींमधल्या, चुका कशा पकडायच्या ते मी सांगत होते आणि ती मान डोलवत होती. पाय टेबलाखाली हलत होता, पण तो तिला दिसत नव्हता. मग ती म्हणाली, "पदवीचं मूळ प्रमाणपत्र जरा कॅमेऱ्यासमोर धराल का?" प्रमाणपत्र कपाटात, कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला आणि सासूबाई नेमक्या गिरणीत दळण आणायला गेलेल्या. "एक मिनिट हं," म्हणून मी पळाले. गिरणीपर्यंत पळाले, किल्ली घेतली, परत पळाले, कपाट उघडलं, कागद काढला आणि धापा टाकत ओसरीच्या दारात आले, तर माझ्या खुर्चीत आप्पा.

गप्पा रंगात आल्या होत्या. बाईचं माहेर कुठलं, सासर कुठलं, पाऊसपाणी कसं, सगळं विचारून झालं होतं. आमच्या शिवारात पुण्याच्या लोकांनी खणून किती हजार वर्षांची जुनी घरं काढली तेही सांगून झालं होतं. "तवापासनं लोकं ऱ्हात्यात म्याडम हितं. पाणी चांगलं हाय ना." बाई हसत होती. मलाही क्षणभर बरं वाटलं. मग तिने सहज विचारलं, "सूनबाईंना नोकरी करायचीय, तुमची काही हरकत नाही ना?"

"हरकत कसली?" आप्पा म्हणाले. "आमाला काय कमी न्हाई. पोरगं कुरकुंभला परमनंट हाय, ऊस हाय, दुभतं हाय. हिला घरात बसून कट्टाळा येतो, म्हणून हौस करती. तुमी घेतलं तरी बरं आन् न्हाई घेतलं तरी बरं. आमची काय घाई न्हाई."

बाईने मान खाली घालून काहीतरी टिपून घेतलं. मी खुर्चीत बसले, प्रमाणपत्र धरलं. तिने ते नीट बघितलंही नाही. "छान, कळवतो," म्हणाली आणि पडदा काळा झाला.

"आप्पा, असं का बोललात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि तो चढला याचं मला काही वाटलं नाही.

"पाव्हणी एकटीच बसली व्हती. तू गेली निघून. घरात आलेल्या माणसाला एकटं बसवायचं व्हय?"

"त्याबद्दल नाही हो. हौस म्हणून करती, हे का सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मला जगरहाटीच ठाऊक नाही. "मग काय सांगू, आमी नडलोय म्हणून? बैल बाजारात हुबा केला तरी नड हाय म्हणून कोण सांगतं का? गरज दावली की समोरचा भाव पाडतो. तुझ्या लग्नात तुझ्या बापानं तरी सांगितलं व्हतं का, आमाला घाई हाय म्हणून?"

वडिलांना घाई होती, चांगलीच होती, पण त्यांनी सांगितलं नव्हतं हे खरं. आप्पांनी माझ्या बाजूने घासाघीसच केली होती. मला त्यांचा राग आला होता आणि रागावायला जागा मिळत नव्हती. उत्तर अगदी दातांमागे होतं, नड आहे आप्पा, तुमच्या पोराला श्वास पुरत नाही. पण शब्द दिलेला होता. मी प्रमाणपत्र कपाटात ठेवायला आत गेले आणि कपाटाचं दार गरजेपेक्षा जोरात लावलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, आणि हसता हसता खोकत विहिरीकडे गेला.

पुढचे काही दिवस माझं कशातच लक्ष नव्हतं. भाकरी थापताना पिठाच्या हाताने मोबाइल उघडायचे, धार काढताना उघडायचे. मेल आला की तो कुठल्या तरी बँकेचा निघायचा. सासूबाई म्हणाल्या, "त्याला सारखं बघून त्यो लवकर येतो का?" शेवटी आला. चार ओळी. माझी माहिती आवडली, पण सध्या ज्यांच्यासाठी हे काम पूर्णवेळ आणि प्राधान्याचं आहे अशा उमेदवारांचा विचार करतो आहोत.

प्राधान्याचं. मी तो शब्द अंगणात येरझाऱ्या घालत वाचला. मग उभ्या उभ्याच उत्तर लिहिलं की मला दहा मिनिटं द्या, मुलाखतीत एक गोष्ट चुकीची सांगितली गेली आहे. बाई नाही म्हणेल असं धरूनच चालले होते. तिने दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिली.

त्या दुपारी नवरा पहिल्या शिफ्टला गेला होता. सासूबाई शेजारी, आप्पा रानात. पंप परत खुंटीवर आला होता, तो मी तसाच राहू दिला. ती पडद्यावर आली, मागच्या वेळेइतकी हसरी नव्हती. "बोला," म्हणाली.

मी ठिपक्याकडे बघायचं सोडून दिलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. "मागच्या वेळी तुम्हाला सांगितलं की मी हौस म्हणून काम करणार," मी म्हटलं. "तसं नाहीये. मला या नोकरीची गरज आहे." हे वाक्य मी त्या घरात मोठ्याने पहिल्यांदा बोलत होते. बोलताना लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात, माझ्याच छोट्या चौकटीत, माझ्या पाठीमागे आप्पा दिसले. रानातून येऊन ओसरीची पायरी चढत होते, खांद्यावर भुईमुगाचा वेल. लॅपटॉप चालू आहे हे पाहून ते पायरीवरच थांबले. त्यांना वाटलं असणार, मी त्यांना बघितलंच नाही. थांबायचं तर मला तेव्हाच थांबता आलं असतं. "परत बोलू" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला थांबवेना. इतके दिवस आत कोंडलेलं होतं ते बाहेर पडायच्या बेतात होतं.

"माझ्या मिस्टरांना कंपनीतला वास सोसत नाही," मी बोलत राहिले. "दिवाळीपासून त्यांची छाती भरते. जिना चढले तरी दम लागतो. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलंय. माझा पगार सुरू झाल्याशिवाय ते सोडणार नाहीत. म्हणून मला घाई आहे. घरी हे कुणाला माहीत नाही."

चौकटीतले आप्पा हलले नाहीत. वेल खांद्यावरून घसरून पायरीवर पडला, तो त्यांनी उचलला नाही. बाईनेही त्यांना बघितलं असावं, कारण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मग ते पुढे आले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. पडद्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"दिवाळीपासनं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. आप्पांशी मी कधी त्यांच्यासारखं बोलत नाही, पण तेव्हा तेवढंच आलं.

 ते वाकून पडद्याजवळ आले, इतके जवळ की तिला त्यांचं कपाळच दिसलं असेल. "म्याडम, मागल्या बारीला मी सांगितलं ते बाजारातलं व्हतं. हिला घ्या. गरज हाय आमाला."

 बाई म्हणाली, वरच्यांशी बोलते, संध्याकाळपर्यंत मेल करते, वचन देत नाही. मी मान हलवली आणि कॉल बंद केला. आप्पांकडे बघायची माझी हिंमत होईना.  ते ओसरीच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून बसले, पाणी दिलं तर तांब्या तसाच शेजारी ठेवला.

नवऱ्याची गाडी अंगणात आली तेव्हा ते उठले. तो नेहमीसारखा डबा घेऊन पायरी चढायला लागला, तर आप्पांनी त्याला तिथेच अडवलं. हातातला डबा काढून घेतला.

"उद्यापासनं जाऊ नकोस," ते म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "हिची नोकरी झाली?"

मेल अजून आला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत आप्पाच म्हणाले, "न्हाई झाली. तरी जाऊ नकोस."