डब्लिनमधला भोंडला

माझी ताई डब्लिनला एका कंपनीत हिशेबाचं काम करते. तिकीट काढण्याआधी ती दर, स्वतःची रजा आणि ऑफिसातली कामं शेजारी शेजारी मांडून बघते. गेल्या नवरात्राआधी तिने फोनवर सांगितलं, "आई, दिवाळीत नाही येत. फेब्रुवारीत येते."

"स्वस्त पडतं म्हणून?"

"तेही आहे. पण दिवाळीत रजा मिळते पाच दिवस. फेब्रुवारीत पंधरा."

"बरं. हिशेबात बसेल तेव्हा ये."

आई असं बोलली की घरात कोणी पुढे विचारत नाही. मी एरवीही विचारत नाही. आमच्या बडोद्याच्या घराच्या जिन्यात शेजारच्या गुजराती मासी भेटल्या. "दिवाळीमां दीकरी आवे छे ने?" आई "जोईए", म्हणजे बघू, म्हणाली आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आठवड्याने ताईने मला फोन केला. तिकडे गरब्याच्या तिकिटांवर उड्या पडतात. तिने मात्र मैत्रिणींना जमवून भोंडला करायचं ठरवलं होतं. "एक पाट, एक हत्ती आणि गाणी. एवढ्या कमी खर्चात इतकी मजा देणारा दुसरा सण दाखव. फक्त गाणी कोणालाच पूर्ण येत नाहीत. आईला विचारतेस?" दिवाळीला येत नाही म्हटल्यावर स्वतः विचारायची तिची हिंमत नव्हती.

बडोद्यात आमच्या नात्यातल्या मुली गरब्याचे पास काढतात. मीही काढते. मी विचारलं तेव्हा आई डाळ निवडत होती. "मला कुठे आठवतायत आता," म्हणाली, आणि लगेच एक ओळ गुणगुणली. मग पुढची. मी रोमन अक्षरांत टाइप करत गेले. ताईच्या मैत्रिणींना मराठी वाचायला वेळ लागतो. मलाही लागतो, पण ते मी बोलले नाही.

रविवारी आमच्याकडे दुपार कलली होती, तिकडे जेमतेम बारा वाजले होते. व्हिडिओ कॉल लावून फोन मी धरला होता. पाटावर खडूने काढलेला हत्ती, सोंड जरा आखूड. भोवती दोघी-तिघी साडीत, बाकीच्या जीन्समध्ये, आणि ताईच्या ऑफिसातली एक आयरिश बाई उलट्या दिशेने फिरणारी.

"अगं, तिला वळवा कोणीतरी," आई म्हणाली.

गाणं अडलं की आई इथून पुढची ओळ म्हणायची. आवाज पोचेपर्यंत सगळ्या जागच्या जागी थांबायच्या. एकमेकींना अनोळखी असलेल्या इतक्या बायकांना ताईने एका रिंगणात आणलं होतं. मला ते कधी जमलं नसतं.

शेवटी तिने झाकलेलं पातेलं कॅमेऱ्यासमोर धरलं. "ओळख खिरापत."

"गोड की तिखट?"

"तिखट."

"वाटली डाळ. नाही? मग दडपे पोहे."

"हरलीस. सेव-उसळ."

"भोंडल्याला सेव-उसळ?"

"बडोद्याचा भोंडला आहे, आई."

"कांदा-लसूण?"

"नाही घातला. तेवढं कळतं मला."

आई खूप दिवसांनी मोकळी हसली. बाकीच्या वाट्या घेऊन बसल्या, तरी ताईने फोन ठेवला नाही. आईने विचारलं, "दिवाळीचा फराळ कुरियरने पाठवू?"

कुरियरचे दर ताईला तोंडपाठ असतात. तरी ती म्हणाली, "पाठव की."

आई म्हणाली, "नको. चकल्यांचा चुरा होतो. फेब्रुवारीतच करते. तू आहेस तोवर ताज्या खाशील."

चेहरा दिसू नये म्हणून ताईने फोन खाली घेतला असावा, पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. मी फोन तसाच धरून ठेवला.